सेवासदनाच्या रमाबाई रानडे



रमाबाई रानडे हे नाव तुम्हांला अपरिचित नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी, 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या गाजलेल्या पुस्तकाच्या लेखिका आणि स्त्रीशिक्षणाच्या कैवारी अशी त्यांची ओळख आपल्याला असते. १९६२ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. २०१२ साली दूरचित्रवाणीवर 'उंच माझा झोका' ही मालिका सुरू झाली, तेव्हा लहानथोरांना त्यांच्या बालपणाची गोष्ट कळली. परंतु त्यांच्या कार्याची एक बाजू अजूनही म्हणावी तितकी उजेडात आलेली नाही.

आज कोणत्याही इस्पितळात जा. रोग्याच्या उशाशी उभी राहून नाडी पाहणारी, औषधाची वेळ सांभाळणारी, जिला सगळे सिस्टर म्हणून हाक मारतात अशी एखादी मराठी मुलगी तुम्हांला दिसेल. सव्वाशे वर्षांपूर्वी ती तेथे क्वचितच दिसली असती. चांगल्या घरातल्या लेकीसुनेने ते काम करायचे नाही, असा जणू दंडकच होता. तो दंडक मोडण्यासाठी ज्यांनी आपले घर, आपले वजन आणि आपले नाव पणाला लावले, त्यांत रमाबाई अग्रभागी होत्या.

हा विषय आजच का काढला? परीक्षेचे निकाल लागले की पालक आम्हा शिक्षकांकडे येतात. मुलगी हुशार आहे, कष्टाळू आहे, तिला पुढे कोठे घालावे, असे विचारतात. नर्सिंगचे नाव काढले की मात्र क्षणभर गप्प होतात. रात्रीची पाळी, परक्या माणसांची सेवा, मलमूत्राची भांडी उचलण्याचे काम आणि या सर्वांवर कडी म्हणजे लोक काय म्हणतील! पालकहो, यांतला एकही आक्षेप नवा नाही. रमाबाईंनी ते सारे ऐकले होते. त्यांची उत्तरे त्यांच्या चरित्रातच सापडतात, म्हणून ते चरित्र आपण जरा निराळ्या अंगाने पाहू.

देवराष्ट्र्याची यमुना

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. हे गाव आपल्याला परके नाही. मेढ्याहून साताऱ्याला जावे, तेथून कऱ्हाड गाठावे आणि पुढे सागरेश्वराच्या डोंगराची वाट धरावी; त्या डोंगराजवळच देवराष्ट्रे आहे. यशवंतराव चव्हाण यांचा जन्मही १९१३ साली याच गावचा. तेव्हा हा सारा मुलूख सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणजे यमुना ही आपल्याच जुन्या जिल्ह्याची लेक.

त्या काळी मुलीच्या हाती पाटी देणे अशुभ समजत. मुलगी लिहायला शिकली तर तिचा नवरा मरतो, अशी खुळी समजूत घरोघरी होती. यमुनाही अक्षरशत्रूच राहिली. १८७३ च्या डिसेंबरात, वयाच्या बाराव्या वर्षात, तिचे लग्न झाले. नवरदेव बत्तिसाव्या वर्षात होते आणि पुण्यात न्यायाधीश होते. त्यांची पहिली पत्नी थोड्याच काळापूर्वी वारली होती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी कुमारिकेशी लग्न केले, म्हणून सुधारक मंडळींनी त्यांना पुष्कळ बोल लावले. वडिलांचा शब्द त्यांना मोडवला नाही. पण घरात आलेल्या या मुलीला शिकवायचे, हे त्यांनी मनाशी पक्के केले आणि लगेच धडे सुरू केले.

विद्यार्थिनींनो, इथे जरा थांबा आणि त्या घराचे चित्र डोळ्यांपुढे आणा. दिवसभर घरकाम आणि रात्री धडा. घरात वडीलधाऱ्या बायकांचा मोठा गोतावळा, आणि त्यांना हे शिकणे मुळीच पसंत नव्हते. टोमणे, अबोला, कुजबूज हे रोजचेच. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही आणि धडाही सोडला नाही. मराठी झाल्यावर इंग्रजी सुरू झाले. शिकवायला येणारी बाई ख्रिस्ती होती. तिच्याजवळ बसून विटाळ झाला म्हणून धडा संपला की आंघोळ करावी, मगच घरात वावरावे, असा बायकांचा हट्ट असे. ही बारीकशी गोष्ट लक्षात ठेवा. दुसऱ्या माणसाच्या जवळ बसण्याने माणूस बाटतो, ही समजूत रमाबाईंनी स्वतःच्या अंगावर सोसलेली होती. पुढे ज्या कामात परक्या रोग्याला हात लावल्यावाचून काही चालतच नाही, त्या कामासाठी त्यांनी बायका तयार केल्या.

हळूहळू रमाबाई सभेत बोलू लागल्या. नाशिकला असताना मुलींच्या शाळेच्या समारंभात त्यांचे पहिले जाहीर बोलणे झाले. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि आर्य महिला समाज स्थापन झाला, त्याच्या सभांना त्या जाऊ लागल्या. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल निघावे म्हणून गव्हर्नरसाहेबांपुढे इंग्रजी निवेदन वाचण्याची कामगिरीही त्यांनी पार पाडली. त्या दिवशी घरी परतल्यावर त्यांना काय ऐकून घ्यावे लागले असेल, याची कल्पना तुम्ही करू शकता. पण हायस्कूल निघाले. तेच पुण्याचे प्रसिद्ध हुजूरपागा.

आजारपणाची शाळा

न्यायमूर्तींच्या नोकरीत बदल्या आणि दौरे फार. रमाबाई त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडल्या. प्रवासातली दुखणी, परगावची पाणी, वेळीअवेळी येणारा ताप हे सारे त्यांनी घरच्या माणसाच्या उशाशी बसून काढले. १८९३ साली न्यायमूर्ती मुंबईच्या हायकोर्टात गेले. पुढे त्यांना हृदयविकाराने ग्रासले आणि १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. त्या शेवटच्या दुखण्याची हकीकत रमाबाईंनी आपल्या आठवणींत तपशिलाने लिहिली आहे. कळ केव्हा आली, झोप कशी लागली, खाणे काय झाले, वैद्यांनी काय सांगितले हे त्या जागरूकपणे पाहत होत्या. पत्नीची माया त्यात आहेच. पण मायेबरोबर एक सावध नजरही आहे.

त्याच सुमारास पुण्यावर प्लेगचे संकट कोसळले होते. आपल्या जिल्ह्यातील नायगावच्या दुसऱ्या एका लेकीने, सावित्रीबाई फुले यांनी, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी आपला देह ठेवला. माणसे आपल्याच नातेवाइकांना हात लावायला भीत होती, त्या दिवसांत त्यांनी रोगी खांद्यावर उचलून आणले. त्या साथीने एक गोष्ट उघड केली. डॉक्टर थोडे होते आणि रोग्याची निगा राखणारे शिकलेले हात तर त्याहून थोडे होते.

पतीच्या निधनानंतर रमाबाई पुण्याच्या घरी येऊन राहिल्या. वर्षभर त्या कोठे बाहेर पडल्या नाहीत. मूलबाळ नव्हते, वय चाळिशीच्या आत, आणि त्या काळची विधवा म्हणजे घराच्या कोपऱ्यात ढकललेले माणूस. पण तो कोपरा त्यांनी पत्करला नाही. त्या तुरुंगातल्या स्त्री कैद्यांना भेटायला जाऊ लागल्या. सुधारगृहातल्या मुलांना सणावाराला खाऊ नेऊ लागल्या. इस्पितळातल्या रोग्यांकडे फळे, फुले, पुस्तके घेऊन जाणे हा त्यांचा नित्यक्रम झाला.

आपल्या घरांत दोन शब्द आहेत, बीमारपुर्सी आणि तीमारदारी. आजारी माणसाला भेटून विचारपूस करणे ही बीमारपुर्सी. त्याच्याजवळ राहून त्याची सर्व निगा राखणे ही तीमारदारी. पहिली पुण्याची गोष्ट आहेच, पण ती अर्ध्या तासात संपते. भेटणारा उठून गेला की उरलेले साडेतेवीस तास रोग्याला काढायचे असतात. रमाबाईंच्या आयुष्यातला मोठा टप्पा हाच, की त्या फळाफुलांच्या भेटीवर थांबल्या नाहीत. त्या उरलेल्या साडेतेवीस तासांसाठी शिकलेल्या स्त्रिया उभ्या करण्याच्या कामाला त्या लागल्या.

सेवासदन

१९०८ साली बेहरामजी मलबारी हे पारशी समाजसुधारक आणि त्यांचे सिंधी मित्र दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले. निराधार स्त्रियांना आसरा द्यावा, शिक्षण द्यावे, शुश्रूषेचे काम शिकवावे आणि त्यांना आपल्या पायांवर उभे करावे, हा हेतू. त्याची धुरा त्यांनी रमाबाईंकडे दिली. पुढच्याच वर्षी, १९०९ साली, पुण्यात सेवासदन सुरू झाले ते रमाबाईंच्या स्वतःच्या वाड्यात. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे या कामात त्यांचे खंदे सहकारी होते.

सेवासदनात बायका आल्या त्या कोणत्या? बऱ्याच तरुण विधवा. काही नवऱ्याने टाकलेल्या. कित्येकींना धड वाचताही येत नव्हते. म्हणून आधी प्राथमिक वर्ग, शिवणकाम, मग अध्यापिका होण्याचे शिक्षण आणि त्याच्या जोडीला शुश्रूषेचे. पुण्याचे ससून रुग्णालय १८६७ पासून चालू होते. तेथे सेवासदनाच्या स्त्रिया परिचारिकेचे व सुईणीचे काम शिकू लागल्या. त्यांच्यासाठी, तसेच वैद्यकीचे शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी स्वतंत्र वसतिगृहे काढण्यात आली.

या वसतिगृहांचे महत्त्व पालकांनी नीट समजून घ्यावे. रमाबाई नुसते धैर्याचे उपदेश करणाऱ्या नव्हत्या, त्या व्यवहारी होत्या. मुलीला रात्रीची पाळी असेल तर ती राहणार कोठे, तिच्यावर लक्ष कोण ठेवणार, तिची बदनामी झाली तर तिच्या बाजूने कोण उभे राहणार, हे प्रश्न आईबापांच्या मनात येणारच. त्या प्रश्नांची त्यांनी टिंगल केली नाही. मुलीच्या राहण्याची सोय केली, वर देखरेख ठेवली आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नीचे नाव त्या मुलींच्या पाठीशी उभे केले. ज्या कामाला लोक हलके म्हणत होते, त्याला रमाबाई रानडे चांगले म्हणतात, एवढ्याने कितीतरी तोंडे बंद झाली.

सगळीच बंद झाली नाहीत. एका वार्षिक समारंभात बक्षीस घेण्यासाठी एक तरुण विधवा व्यासपीठावर आली. तांबडे लुगडे, केशवपन केलेले डोके. तिला पाहून सभागृहातल्या काही कॉलेज विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. रमाबाईंना ते फार लागले. समारोपाला उभ्या राहिल्यावर त्यांनी त्या तरुणांना सरळ विचारले की, दुष्ट रूढीला बळी पडलेल्या एका असहाय स्त्रीला हसणाऱ्यांनी स्वतःला सुशिक्षित कसे म्हणवून घ्यावे. त्यांच्या बोलण्यात आरडाओरड नव्हती. पण त्या सभेतल्या कित्येकांच्या माना खाली गेल्या असतील.

त्या मुली काय शिकत होत्या?

आता चरित्र थोडे बाजूला ठेवून या विद्येकडे वळू. शुश्रूषा म्हणजे पाय चेपणे आणि पाणी देणे असे पुष्कळांना वाटते, आणि तेथेच सारी गफलत होते. युरोपातही एके काळी हीच समजूत होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या श्रीमंत घरच्या मुलीने १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांची निगा राखली. १८५९ साली शुश्रूषेवर पुस्तक लिहिले आणि १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली. आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा खेड्यांतील आरोग्याविषयी पत्रव्यवहार झाला होता, आणि त्या सभेच्या कामात न्यायमूर्ती रानडे यांचा मोठा वाटा होता. नाइटिंगेलबाईंच्या शिकवणुकीचा गाभा असा, की दया हवीच, पण आधी पाहायला शिकले पाहिजे. नीट पाहता येत नसेल तर रोग्याजवळ रात्रभर बसूनही उपयोग नाही.

हे पाहणे म्हणजे काय? नर्सिंगच्या विद्यार्थिनीचे पहिले धडे आजही याच गोष्टीचे असतात. रोगी आत आला की त्याची चाल, चेहरा, ओठांचा रंग, डोळे, त्वचा यांवरून तिने नजर फिरवायची. मग चार गोष्टी मोजायच्या: ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब. निरोगी मोठ्या माणसाचे तापमान साधारण ९८.६ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते, नाडी मिनिटाला ६० ते १०० आणि श्वास १२ ते २०. लहान मुलाचे आकडे याहून जास्त असतात, म्हणून तान्ह्या बाळाची नाडी भरभर लागली तर घाबरून जायचे कारण नाही. मात्र मोठ्या माणसाची स्वस्थ पडून असताना तशी लागली तर लगेच कळवायला हवे.

श्वास मोजण्याची एक खुबी आहे. आपला श्वास कोणी मोजते आहे हे कळले की माणूस नकळत निराळा श्वास घेऊ लागतो. म्हणून सिस्टर नाडी मोजून झाली तरी मनगटावरची बोटे उचलत नाही. रोग्याला वाटते अजून नाडीच चालली आहे, आणि ती मात्र छातीची हालचाल मोजत असते. किती साधी गोष्ट! पण ती कोणीतरी शिकवल्यावाचून सुचत नाही.

दुसरा धडा विचारण्याचा. दुखते कोठे, कधीपासून, कळ येते की ठणका लागतो, कशाने वाढते, कशाने उतरते? रोग्याने सांगितलेले एका बाजूला आणि आपण पाहिलेले, मोजलेले दुसऱ्या बाजूला, असे दोन्ही ताडून पाहायचे. म्हातारा माणूस काही होत नाही म्हणतो, पण कूस बदलताना कपाळाला आठी पडते. लाजाळू बाई पोटातले दुखणे सासूपुढे सांगत नाही, एकटी असली की सांगते. ही समज ज्या मुलीला असते ती डॉक्टरांचे अर्धे काम हलके करते.

तिसरा धडा लिहिण्याचा, आणि माझ्या मते येथेच रमाबाईंच्या पाटीचा आणि ससूनच्या वॉर्डाचा धागा जुळतो. पाहिलेले लगोलग तक्त्यावर टिपले पाहिजे. रोगी बरा आहे असे मोघम लिहून चालत नाही. रात्री कितीदा उठला, पेज किती घेतली, लघवी किती झाली, ताप किती वाजता किती होता हे आकड्यांत लिहायचे. कारण ही सिस्टर पाळी संपवून घरी जाते आणि दुसरी येते. पहिलीचे डोळे दुसरीला मिळतात ते त्या लिहिण्यातून. निरक्षर बाई कितीही मायाळू असली तरी हे करू शकत नाही. बाराव्या वर्षात पाटी हाती धरलेल्या रमाबाईंनी सेवासदनात आधी अक्षर आणि मग शुश्रूषा हा क्रम ठेवला, तो उगाच नव्हे.

आणि चौथा धडा हाताचा. प्रत्येक रोग्याला शिवण्यापूर्वी आणि शिवल्यानंतर हात धुणे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलणे, नाहीतर टाचा, माकडहाड, खांदे येथे दाबाने जखमा होतात. जागच्या जागी चादर बदलताना रोग्याला उघडे न टाकणे. आणि हो, मलमूत्राचे भांडेही उचलणे! पण ते उचलताना शिकलेली परिचारिका नाक मुरडत नाही, त्यात पाहते. रंग काय, रक्त आहे का, प्रमाण घटले का? ज्या कामाला लोक घाण म्हणतात, त्यातूनच कित्येकदा दुखण्याचा पहिला सुगावा लागतो.

औषधे नव्हती तेव्हा या निगेवरच माणसे जगत. आपल्या शेजारचे पाचगणी पाहा. तेथे १९१२ साली डॉ. बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी बेल-एअर हे आरोग्यधाम सुरू केले. क्षयावरचे पहिले गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडले ते १९४३ साली. मधली तीसएक वर्षे उपचार कोणता होता? मोकळी हवा, सकस अन्न, विश्रांती, तापाची रोजची नोंद आणि निगा. म्हणजे उपचाराचा मोठा भाग शुश्रूषाच होती.

शेवटची वर्षे

पुढेही रमाबाई स्वस्थ बसल्या नाहीत. पूर्वीच १९०४ साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले होते. १९१३ साली गुजरात-काठेवाडात दुष्काळ पडला, तेव्हा मदतकार्यासाठी त्या तिकडे गेल्या. १९१५ साली पुण्याच्या सेवासदनाची रीतसर नोंदणी झाली. पुण्यात मुलींना सक्तीचे शिक्षण मिळावे म्हणून त्या झगडल्या आणि मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताचा हक्क मिळावा यासाठीच्या चळवळीत त्या पुढे होत्या. १९२४ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे सेवासदनाचे काम थांबले नाही. पुण्यात आणि सोलापुरात त्या नावाच्या शिक्षणसंस्था आजही उभ्या आहेत.

आपल्यासाठी

पालकहो, आता पुन्हा त्या चार आक्षेपांकडे येऊ. परक्या माणसांची सेवा म्हणाल, तर आपल्या घरातले कोणी साताऱ्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात निजलेले असते, तेव्हा त्याची निगा राखणारी सिस्टर ही कोणाची तरी लेकच असते, आणि तिच्यासाठी आपण परकेच असतो. तिच्या हाताला आपण दुवा देतो. मग आपल्या लेकीच्या हाताला दुसऱ्याने दुवा दिली तर त्यात कमीपणा कसला? आपल्या परंपरेतही हे काम नवे नाही. पैगंबरसाहेबांच्या काळात रुफैदा अस्लमिया या बाईंनी तंबू ठोकून जखमींची शुश्रूषा केली, असे इतिहासात नमूद आहे. घाण कामाविषयी वर सांगितलेच. रात्रीच्या पाळीचे म्हणाल, तर दुखणे दिवस-रात्र पाहत नाही. मुलीच्या राहण्याची, येण्याजाण्याची सोय कशी आहे हे मात्र प्रवेश घेण्यापूर्वी स्वतः जाऊन पाहा, वसतिगृह पाहा, शिकवणाऱ्यांना भेटा. तो तुमचा हक्क आहे, आणि रमाबाईंनीही ती काळजी पोटतिडकीने वाहिली होती.

लोक काय म्हणतील, याचे उत्तर मात्र लोकांकडे नाही, ते आपल्याकडे आहे. लोकांनी रमाबाईंना पाटीवरून बोल लावले, इंग्रजीवरून लावले, सभेतल्या बोलण्यावरून लावले, शुश्रूषेवरूनही लावले. आज त्या बोल लावणाऱ्यांची नावे कोणाला माहीत आहेत?

शिकण्याच्या वाटाही आता पुष्कळ झाल्या आहेत. १९४७ साली भारतीय नर्सिंग परिषदेचा कायदा झाला आणि या शिक्षणाला देशभर एक शिस्त आली. आज बारावीनंतर एएनएमचा दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंगचा चार वर्षांचा अभ्यासक्रम असतो. पदवीसाठी भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात, म्हणून नववी-दहावीतच विज्ञान आणि इंग्रजीकडे लक्ष द्या. संस्था परिषदेच्या मान्यतेची आहे ना, हे पैसे भरण्यापूर्वी तपासा. आपल्या बाजूला मिरजेचे वानलेस इस्पितळ १८९४ पासून उभे आहे आणि परिचारिका घडवण्याची त्याची परंपराही जुनी आहे. आणि मुलांनो, ही वाट तुम्हांलाही मोकळी आहे बरे! नर्सिंग हे केवळ मुलींचे काम नव्हे.

ज्यांना या वाटेने जायचे नाही, त्यांनीही यातले थोडे घरी आणावे. घरात कोणी तापाने पडले तर एका कागदावर वेळ आणि ताप लिहून ठेवा, पाणी किती प्याले ते लिहा, आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. आजी अंथरुणाला खिळली असेल तर तिची कूस बदला. हात धुवा. एवढे केले तरी आपल्या मुलखातल्या या लेकीचे शिक्षण आपल्या घरापर्यंत पोहोचले असे होईल. आणि उद्या तुमच्यापैकी एखादी मुलगी अम्मी-अब्बांपुढे नर्सिंगचा अर्ज घेऊन उभी राहिली, तर तो बाजूला सारण्यापूर्वी देवराष्ट्र्याच्या यमुनेची पाटी एकदा आठवा, एवढेच मागणे.